सॉरी, पण कशाबद्दल?

मागच्या वर्षी आमच्या अ‍ॅपची मराठी आवृत्ती काढायचं ठरलं. ऑफिस बंगळुरूत, टीममध्ये मराठी मी एकटाच. त्यामुळे 'तू जरा बघून दे ना' म्हणत मॅनेजरने एक एक्सेल शीट माझ्याकडे सरकवली. डाव्या रकान्यात इंग्रजी वाक्यं, उजव्या रकान्यात मशीनने केलेलं मराठी. साधारण चारशे ओळी. 'पुढे जा', 'मागे जा', 'पासवर्ड विसरलात?' वगैरे तासाभरात उरकलं. मग एक शब्द आला, पुन्हा आला, परत आला. मोजलं तर चारशे ओळींत एकतीस ठिकाणी 'सॉरी' होतं. सॉरी, काहीतरी बिघडलं. सॉरी, हे पान सापडत नाही. सॉरी, तुमचा पिनकोड चुकीचा आहे. मशीनने त्याचं कुठे 'माफ करा' केलं होतं, कुठे 'क्षमस्व', कुठे 'दिलगीर आहोत'. आणि एका ठिकाणी चक्क 'दुःखी'. 'दुःखी, काहीतरी चुकले.'

मी हसलो. स्क्रीनशॉट काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला. दोघातिघांनी हसून डोळ्यांत पाणी आलेले इमोजी टाकले. विषय संपला.

रात्री झोप येईना म्हणून सहज त्या शब्दाचं मूळ शोधायला बसलो. आणि कळलं की एकतीस जागांपैकी शब्दाच्या मुळाला सगळ्यात धरून असलेलं भाषांतर तेच होतं, ज्याला आम्ही हसलो.

त्याच आठवड्यात मी ताईला व्हॉट्सअ‍ॅपवर 'सॉरी' पाठवलं होतं. तिचं उत्तर एका शब्दाचं होतं. त्या शब्दाकडे शेवटी येतो. तो समजून घ्यायला मला आधी हा दुसरा शब्द नीट समजून घ्यावा लागला.

*

जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, 'सार' म्हणजे दुखणं. शरीराचंही आणि मनाचंही. त्यापासून विशेषण झालं 'सारिग': ज्याला दुखतंय तो. दुःखाने भरलेला. या 'सारिग'चा पुढे झाला 'सॉरी'. मूळच्या 'सार'चा झाला 'सोअर'. घसा धरला की डॉक्टर 'सोअर थ्रोट' म्हणतात, त्यातला. म्हणजे सॉरी आणि घसादुखी ही सख्खी भावंडं.

गंमत अशी की सगळ्यांना सॉरीचं नातं वाटतं ते 'सॉरो'शी, म्हणजे शोकाशी. ते नातं नाही. 'सॉरो' हा वेगळ्याच मुळाचा शब्द, त्याचं जुनं रूप 'सोर्ग'. जर्मनमध्ये काळजीला 'झोर्गे' म्हणतात, तो त्याचा चुलतभाऊ. पण दोन शब्द शेजारी राहिले, अर्थही जवळचा, तेव्हा एकाचा उच्चार दुसऱ्याकडे झुकत गेला. वर्षानुवर्षं शेजारी राहणाऱ्या माणसांची बोलण्याची ढब सारखी होते, तसंच. आणि 'सार'चा एक जर्मन नातेवाईक तर कुठल्या कुठे पोचला. जर्मनमध्ये 'खूप' म्हणायला 'झेअर' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ 'दुखेल इतकं'. वेदनेचा शब्द झिजत झिजत नुसता 'खूप' झाला. हसू नका, आपणही 'भयंकर आवडलं' म्हणतोच. त्यातलं भय कुठे गेलं, हे कोण विचारतं?

तर सॉरी हा मुळात वेदनेचा शब्द. त्यात चूक नाही. माफी नाही. समोरचा माणूससुद्धा नाही. आहे फक्त बोलणाऱ्याचं दुखणं.

पुढे याच शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला: दयनीय, केविलवाणं, टाकाऊ. आजही इंग्रजीत रस्त्याची अवस्था 'सॉरी' असते, रस्त्याने कुणाचीही माफी मागितलेली नसली तरी. शेक्सपिअरचा मॅकबेथ राजाचा खून करून बाहेर येतो, रक्ताने माखलेल्या स्वतःच्या हातांकडे बघतो, आणि जे दिसतं त्याला हेच विशेषण लावतो. नाटक वाचताना मी तिथे अडखळलो होतो. मला वाटलं होतं, हा माफी मागतोय. तो माफी मागत नाहीये. तो फक्त म्हणतोय की हे दिसायला फार वाईट आहे. खून करणारा माणूस खुनाच्या क्षणी स्वतःच्या हातांची कीव करतो, आणि इंग्रजी भाषा त्याला त्यासाठी नेमका हाच शब्द देते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एक सुटा शब्द टाकून मोकळं व्हायचं, धक्का लागला, 'सॉरी', ही पद्धत बरीच अलीकडची. एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी 'मला दुःख होतंय' असं पूर्ण वाक्य बोलावं लागायचं, आणि पूर्ण वाक्यात पुढे 'की' येतो. की मी तुझं पुस्तक हरवलं. की मी आलो नाही. शब्द सुटा झाला आणि हा 'की' गळून पडला. आता तर तो इतका हलका झालाय की ऐकू आलं नाही तरी 'सॉरी?', मधे बोलायचं असेल तरी 'सॉरी', नकार द्यायचा तरी 'सॉरी'. केट फॉक्स नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी इंग्रजांवर लिहिताना एक उद्योग केला होता. गर्दीत मुद्दाम लोकांना धडकायचं आणि काय होतं ते बघायचं. धडकल्या त्या, आणि सॉरी म्हणाले बहुतेक धडक खाणारेच.

*

इंग्रजीत माफीसाठी दुसरा, जरा कडक इस्त्रीचा शब्द आहे 'अपॉलॉजी'. हा ग्रीक. 'अपोलोगिया' म्हणजे आपल्यावरच्या आरोपाला दिलेलं उत्तर, बचावाचं भाषण. प्लेटोच्या ज्या पुस्तकाचं नाव 'अपॉलॉजी' आहे, त्यात इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये खटल्याला उभा राहिलेला सॉक्रेटिस शेवटपर्यंत कुणाचीही माफी मागत नाही. उलट 'मी बरोबर आहे' हेच सांगतो. म्हणजे इंग्रजीचे माफीचे दोन मोठे शब्द घेतले, तर एकाचा मूळ अर्थ 'मला दुखतंय' आणि दुसऱ्याचा 'माझी बाजू ऐका'. 'मी चुकलो' हे दोन्हीतही नाही.

इथे आपली कॉलर ताठ होण्याआधी मराठीकडे बघू.

'माफ' हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. त्याचा अर्थ सूट मिळालेला. म्हणून आपल्याकडे फी माफ होते, टोल माफ होतो, कर्जमाफी होते. माफी मागणं म्हणजे माझ्या खात्यावरचं देणं काढून टाका अशी विनंती. 'क्षमा' संस्कृत. तिच्या मुळाशी सहन करणं आहे. 'क्षमता' आणि 'सक्षम' त्याच घरातले. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात, कारण ती सगळं सोसते. क्षमा कर, म्हणजे मी केलेलं सोस. दोन्हीत काम समोरच्याने करायचंय. एकात त्याने वही फाडायची, दुसऱ्यात त्याने सोसायचं.

आणि 'दिलगीर'? हा माझा आवडता. फारसीत दिल म्हणजे काळीज आणि 'गीर' म्हणजे पकडलेलं किंवा पकडणारा. जहांगीर, म्हणजे जग काबीज करणारा, यातला 'गीर' तोच. दिलगीर म्हणजे ज्याचं काळीज कुणीतरी मुठीत धरलंय असा. खिन्न. म्हणजे अगदी सॉरीचा जुळा भाऊ! तोही वेदनेतून निघाला. तो कुठे पोचला, ते दादर स्टेशनावर उभं राहून ऐका. गाडी चाळीस मिनिटं लेट, आणि वर स्पीकरमधून थंड आवाजात कळतं की प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कुणाचं काळीज, कुणाच्या मुठीत? कुणाचंच नाही. ध्वनिफितीला काळीज नसतं.

उरलं 'चुकलं'. माझ्या आजीचा शब्द. 'चुकलं बाई माझं.' चुकणं म्हणजे हुकणंही. वाट चुकते, बस चुकते, नेम चुकतो. 'चुकलं' म्हणणारा स्वतःच्या दुःखाबद्दल बोलत नाही आणि समोरच्याला काही करायलाही सांगत नाही. जे झालं ते सांगतो. आणि या सगळ्यांच्या पलीकडे आपल्याकडे एक बिनशब्दांची माफी आहे. गर्दीत कुणाला पाय लागला की आपण वाकतो, त्या माणसाला हात लावतो आणि तो हात छातीला किंवा कपाळाला नेतो. पुस्तकाला पाय लागला तरी. शब्द नाही, पण काय झालं आणि कुणाच्या बाबतीत झालं, हे दोन्ही त्या एका हालचालीत असतं. ज्याला लागला, त्यालाच हात लावावा लागतो. स्पीकरवरून नाही जमत.

*

आता असं वाटेल की मी सॉरीची बदनामी करायला बसलोय. शब्दाच्या मुळात चुकीची कबुली नाही, म्हणून शब्द खोटा. मलाही सुरुवातीला असंच वाटलं. मग मी ऑस्ट्रेलियाबद्दल वाचलं.

साधारण १९१० पासून १९७० पर्यंत ऑस्ट्रेलियात सरकारी धोरण म्हणून तिथल्या आदिवासींची मुलं आईबापांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवली जात होती. त्यांना आता 'स्टोलन जनरेशन्स' म्हणतात, चोरलेल्या पिढ्या. १९९७ मध्ये याविषयीचा चौकशी अहवाल संसदेत आला. त्यानुसार त्या काळात दहातल्या किमान एका आणि काही भागांत तर तिघांतल्या एका आदिवासी मुलाला असं उचललं गेलं होतं. अहवालाने सांगितलं, माफी मागा आणि भरपाई द्या. लोकांनी मागणी केली ती एका शब्दाची. सॉरी म्हणा.

पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी तो शब्द उच्चारायला नकार दिला. आजच्या पिढीने मागच्यांच्या कृत्यांचं ओझं का घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. १९९९ मध्ये त्यांनी संसदेत एक ठराव आणला. त्यात 'रिग्रेट' होतं, 'सॉरी' नव्हतं. एका शब्दावरून देश दोन गटांत विभागला. २६ मे १९९८ ला, अहवालाच्या पहिल्या वर्षदिनी, लोकांनी आपापला 'सॉरी डे' पाळला. गावोगावी 'सॉरी बुक' नावाच्या वह्या ठेवल्या गेल्या, लाखो लोकांनी त्यात सह्या केल्या. २८ मे २००० ला सिडनीच्या हार्बर ब्रिजवरून सुमारे अडीच लाख लोक चालत गेले, आणि वर आकाशात एका विमानाने धुराने तो शब्द लिहिला: सॉरी.

इथे व्युत्पत्तीची हौस माणसाला तोंडावर पाडते. कारण 'रिग्रेट'चं मूळ बघितलं तर जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ मेलेल्या माणसासाठी रडणं. म्हणजे मुळाच्या हिशोबाने दोन्ही शब्द सारख्याच वजनाचे. मग एक का चालला नाही आणि दुसरा का हवा होता? कारण शब्दाचं वजन शब्दकोशातल्या मुळावरून ठरत नाही, तो मधल्या काळात कुणाकुणाच्या तोंडात राहिला यावरून ठरतं. 'रिग्रेट' लेटरहेडवर राहिला. नोकरीसाठी अर्ज केलाय आणि तुम्हाला घेत नाही आहोत, त्या ईमेलमध्ये राहिला. आणि 'सॉरी'? ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींच्या इंग्रजीत 'सॉरी बिझनेस' असा शब्दप्रयोग आहे. त्याचा माफीशी संबंध नाही. त्याचा अर्थ सुतक, मयत, कुणी गेल्यावर सगळ्यांनी एकत्र येऊन करायचा शोक. हजार वर्षांपूर्वीचा तो 'सारिग', दुःखाने भरलेला, इंग्लंडात गर्दीतल्या धक्क्याएवढा हलका झाला होता. आणि ज्या माणसांवर इंग्रजी लादली गेली त्यांनी नेमका त्याचा जुना अर्थ जपून ठेवला होता.

हे वाचलं तेव्हा मला ती मागणी वेगळीच दिसली. तुमची सही द्या, गुन्हा कबूल करा, एवढीच ती मागणी नसावी. आमच्या घरात सुतक आहे, तुम्ही येऊन बसा, असंही त्यात असावं. दुःख तुमचंही आहे असं म्हणा. हॉवर्ड यांना त्यात खटला दिसला. समोरच्यांना त्यात मयतही दिसत होती.

१३ फेब्रुवारी २००८ ला नवे पंतप्रधान केविन रड संसदेत उभे राहिले आणि त्यांनी तो शब्द उच्चारला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आणि दर वेळी नुसता नाही. कशासाठी आणि कुणाला, हे सांगून. एकोणिसाव्या शतकात गळून पडलेला तो 'की' त्यांनी परत जोडला. प्रेक्षागृहात ती चोरलेली मुलं बसली होती, आता म्हातारी झालेली. बरेच जण रडले.

पण त्याच भाषणावरचा आक्षेपही तितकाच खरा. सॉरी झालं, भरपाईचं काय? त्या दिवशी भरपाई जाहीर झाली नाही. केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या प्रदेशांतून नेलेल्या मुलांसाठीची योजना जाहीर व्हायला २०२१ उजाडलं. तेरा वर्षं. त्या तेरा वर्षांत भरपाई न बघताच गेलेले किती असतील.

आपल्यालाही एका शब्दाची वाट बघायची सवय आहे. जालियनवाला बागेला १०० वर्षं होत आली तेव्हा, एप्रिल २०१९ मध्ये, ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी पार्लमेंटमध्ये निवडलेला शब्द कोणता होता? रिग्रेट.

*

दुःख खरं असेल तर सॉरी मोठा शब्द आहे. पण दुःख खरं असूनही तो अपुरा पडू शकतो, हे मला पुस्तकात नाही, ऑफिसात कळलं.

ती एक्सेल शीट मी देऊन टाकली होती. 'दुःखी'च्या जागी 'माफ करा' केलं, अ‍ॅप मराठीत आलं. आमचं अ‍ॅप कर्जाचे हप्ते भरायचं. दीड महिन्याने एका शुक्रवारी रात्री काही ग्राहकांच्या खात्यातून हप्ता दोनदा कापला गेला. कारण सांगतो. अ‍ॅप बँकेला निरोप पाठवतं: हप्ता कापा. उत्तर वेळेत आलं नाही तर निरोप पुन्हा जातो. पण उत्तर आलं नाही याचा अर्थ निरोप पोचला नाही असा होत नाही. तो पोचलेला असतो, हप्ता कापला गेलेला असतो, फक्त उत्तर वाटेत अडकलेलं असतं. म्हणून प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक जोडायचा असतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर बँक समजते की हे आधीचंच आहे. इतकं साधं. कोडचा तो तुकडा मी लिहिला होता, आणि दुसऱ्यांदा निरोप पाठवताना त्यात क्रमांक नवा पडत होता.

आमच्या धंद्यात अशा वेळी जो अहवाल लिहितात त्यात कुणाचं नाव घालत नाहीत. हे चांगलं आहे, मी त्याच्या बाजूने भांडेन. माणसाला फासावर चढवायचं नाही असं ठरलं की माणूस खरं सांगतो, आणि खरं कळलं की यंत्रणा दुरुस्त होते. पण ग्राहकांना पाठवायचा मराठी मेसेज लिहायला मला सांगितलं तेव्हा मी लिहिलं: 'आमच्या चुकीमुळे तुमचा हप्ता दोनदा कापला गेला. जादा रक्कम चार दिवसांत परत मिळेल. त्यामुळे तुमचं आणखी काही नुकसान झालं असेल तर या नंबरवर कळवा.' वरून तपासून आलेला मेसेज असा होता: 'तांत्रिक कारणामुळे काही ग्राहकांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

दादर स्टेशन.

एका ग्राहक बाईंच्या फोनचं रेकॉर्डिंग मला ऐकायला दिलं गेलं, मराठी होतं म्हणून. आवाज आमच्या सांगलीकडचा. पलीकडचा मुलगा पाच वेळा सॉरी मॅडम म्हणाला. सहाव्यांदा म्हणायला लागला तर बाई म्हणाल्या, 'सॉरी राहू दे ओ. पैसे कधी येणार ते सांगा. आणि बचत गटाचा हप्ता चुकला माझा त्यापायी, तिथं मी काय सांगू?' मुलाकडे उत्तर नव्हतं. वाईट त्यालाही वाटत होतं, आवाजात कळत होतं. मलाही वाटत होतं, पोटात गोळा आला होता. दोघांचंही दुःख खरं होतं आणि त्या बाईंना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मॅकबेथचे हात आठवले. मला जे वाटत होतं ते मुख्यतः माझ्याबद्दलचं होतं.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २००९ चा एक कायदा आहे. त्यानुसार तुम्ही माफी मागितलीत तर ती कोर्टात कबुली म्हणून तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही पळवाट वाटली होती. आता वाटतं, या कायद्याने एक गोष्ट ओळखलीय. माणसांना सॉरी म्हणायचं असतं आणि वकील म्हणू देत नाहीत. पण कायदा तोंड उघडायला मोकळीक देतो, तोंडात काय असावं हे सांगत नाही. आता तर यंत्रांनाही सॉरी म्हणता येतं. १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या सिनेमातला हॅल हा संगणक माणसाला यानात परत घ्यायला नकार देतो, तोही सॉरी म्हणून, अगदी मऊ आवाजात. आज चॅटबॉटला चूक दाखवा. तो लगेच माफी मागतो, आणि पुष्कळदा पुढच्याच ओळीत तीच चूक पुन्हा करतो. आपण त्याला हसतो. पण हे आपण त्याला शिकवलंय. आपल्याच अब्जावधी वाक्यांतून तो शिकलाय की सॉरीनंतर काहीही बदललं नाही तरी चालतं.

त्या प्रकरणानंतर मी शीट परत मागून घेतली. एकतीसपैकी सत्तावीस ठिकाणचं सॉरी काढून टाकलं. पान सापडत नसेल तर 'पान सापडत नाही' पुरे, त्यात कुणाला दुखलेलं नसतं. पैसे अडकतात अशा चार जागा उरल्या. तिथे आता काय झालं, पैसे कुठे आहेत आणि कधी परत येतील, हे लिहिलेलं आहे. त्यातल्या दोन ठिकाणी 'चूक आमची आहे' मंजूर झालं. दोन ठिकाणी नाही झालं.

*

आता ताई.

माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. २०१६ मध्ये तिचं बी.एस्सी. झालं. तिला एम.एस्सी.ला कोल्हापूरला जायचं होतं. फॉर्म आणलेला होता, टीव्हीच्या शोकेसवर पडलेला असायचा. माझी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती. घरात तिला 'जाऊ नकोस' असं कुणीही म्हणालं नाही. फक्त फॉर्म भरायची शेवटची तारीख कुणाच्या लक्षात राहिली नाही. ती तारीख गेली, आणि महिन्याभराने ताई गावातल्या पतसंस्थेत कामाला लागली. पहिल्या पगारातून तिने मला बूट घेतले होते.

मागच्या वर्षी, शीटच्या त्याच आठवड्यात, तिचा फोन आला. घरबसल्या एम.एस्सी. करता येते असं तिने कुठेतरी वाचलं होतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा होता, कसा भरायचा ते विचारत होती. मी मीटिंगमध्ये जायच्या गडबडीत होतो. म्हणालो, 'आता या वयात काय करायचंय एम.एस्सी. करून?' आणि हसलो. ती 'हो, तेही आहेच' म्हणाली. फोन ठेवला. तासाभराने मला चुकल्यासारखं झालं म्हणून मी लिहिलं, 'सॉरी ताई', पुढे हात जोडलेला इमोजी.

तिचं उत्तर आलं: 'कशाबद्दल?'

तिने ते सहज विचारलं असेल. 'अरे त्यात काय' अशा अर्थाने. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज कळत नाही. पण मी त्या शब्दाला उत्तर देऊ शकलो नाही. उत्तर न देण्याचं सोंग म्हणून अंगठ्याचा इमोजी टाकला आणि वर सरकवून टाकलं. कारण 'कशाबद्दल?'ची दोन उत्तरं होती. एक तासाभरापूर्वीचं. दुसरं नऊ वर्षांपूर्वीचं. ती तारीख कुणाच्या लक्षात राहिली नाही असं मी वर लिहिलंय ना, ते खोटं आहे. माझ्या लक्षात होती. माझ्या फीची तारीख आणि तिच्या फॉर्मची तारीख एकाच आठवड्यात होती.

दोन महिने तो शब्द माझ्या फोनमध्ये तसाच होता. मधे हप्त्याचं प्रकरण झालं, ती बाई 'सॉरी राहू दे ओ' म्हणाली. त्या रात्री मी ताईला लिहिलं. खूप खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी गेलं ते एवढं:

'तुझ्या फॉर्मची तारीख मला माहीत होती. मी मुद्दाम बोललो नाही, कारण बोललो असतो तर माझी फी अडली असती. त्या दिवशी फोनवर हसलो तेही चुकलं. आताचा फॉर्म मी भरून देतो, फीपण मी भरणार.'

दोन निळ्या टिका लगेच दिसल्या. मग बराच वेळ काही नाही. 'टायपिंग' दिसायचं, जायचं. मी फोन उपडा ठेवला, सुलटा केला. ती आता काय म्हणेल याची सगळी उत्तरं मी मनात म्हणून पाहिली. माफ केलं म्हणेल. जाऊ दे म्हणेल. किंवा काहीच म्हणणार नाही, आणि तो तिचा हक्क आहे.

वीसेक मिनिटांनी मेसेज आला.

'फोटो किती केबीचा लागतो?'

मी वेबसाइट उघडून बघितलं. पन्नासच्या आत हवा होता. तिने पाठवलेला तीन एमबीचा होता. पतसंस्थेच्या ओळखपत्रासाठी काढलेला, निळ्या पडद्यासमोरचा. मी तो लहान करायला बसलो.